गिटारच्या क्लासलाही पाठ टाचण हवे

महाराष्ट्रात डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या माणसासमोर 'पाठ टाचण' हा शब्द काढला की तो आधी हसतो आणि मग मनगट चोळतो. वहीचे पान उभे आखायचे, एका रकान्यात 'उद्दिष्टे' आणि शेजारी 'स्पष्टीकरणे' लिहायची, तीही ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य या ठरलेल्या क्रमाने. 'विद्यार्थी व्याख्या सांगतो', 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो', 'विद्यार्थी आकृती काढतो' अशी वाक्ये रात्री जागून उतरवायची आणि सकाळी मार्गदर्शकांची सही घ्यायची. पुष्कळांनी ती मागच्या तुकडीच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली, त्यामुळे या प्रकाराची थट्टाही यथेच्छ झाली. तरी त्या कंटाळवाण्या रकान्यात एक शहाणपण होते. वाक्याचा कर्ता विद्यार्थी असे, आणि क्रियापद डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असेच लागे. 'समजते' लिहिले की लाल पेन फिरायचे.

पुण्या-मुंबईपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत गल्लोगल्ली चालणाऱ्या गिटारच्या क्लासांत हा रकाना सहसा कोणी आखतच नाही. मुलाला घेऊन आलेले पालक दारातच विचारतात, "सर, किती महिन्यांत येईल?" सरांकडेही ठरलेले उत्तर असते: तीन महिन्यांत बेसिक, सहा महिन्यांत गाणी. बेसिक म्हणजे काय आणि 'गाणी' म्हणजे किती, कशी, कोणासमोर, हे दोघेही एकमेकांना विचारत नाहीत. डिसेंबरात शाळेचे गॅदरिंग येते, मुलगा मंचावर दीड मिनिट वाजवतो, व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर जातो आणि वर्षभराचे मूल्यमापन संपते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गिटार कपाटावर गेलेली असते.

ही रड फक्त आपल्याकडची नाही. फेंडर ही गिटार बनवणारी जगातली एक बडी अमेरिकन कंपनी. तिचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी वारंवार सांगितले होते की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. कंपनीचा धंदा उरलेल्या १० टक्क्यांवर चालतो. २०१७ मध्ये फेंडरने स्वतःचा ऑनलाइन शिकवणी कार्यक्रम सुरू केला त्यामागेही हाच हिशेब होता: गळती थोडी जरी थांबली तरी विक्री वाढेल. वाद्य विकणाऱ्याने मांडलेला आकडा म्हणून तो थोडा सावधपणे घ्यावा हे खरे. पण कोणत्याही जुन्या क्लासच्या हजेरीपटावरून नजर फिरवली तर तो फारसा फुगवलेला वाटत नाही.

मुले सोडतात ती आळशी असतात म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. पहिल्या वर्षात त्यांच्यापुढे ठेवलेली उद्दिष्टेच चुकीची असतात, आणि ती गाठली की हुकली हे मोजण्याची रीत त्याहून चुकीची असते, हे म्हणणे जास्त खरे आहे.

त्यासाठी आधी हे वाद्य काय मागते ते पाहायला हवे. पेटीची पट्टी दाबली की सूर येतो, तो पहिल्या दिवशी आणि दहाव्या वर्षी सारखाच शुद्ध असतो. गिटारवर एक स्वच्छ सूर काढायला दोन हातांनी दोन वेगळी कामे एकाच क्षणी करावी लागतात. डाव्या हाताचे बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, पण तिच्या अलीकडे दाबले पाहिजे. जरा मागे गेले की तार खरखरते, आणि शेजारच्या तारेला चुकून टेकले तर ती मुकी होते. पोलादी तारा बोटांत रुततात, आणि शेंडे घट्ट व्हायला दोन-चार आठवडे जातात. त्यात मूल ९ वर्षांचे आणि गिटार मोठ्या माणसाची असेल तर खांदा वर चढतो, मनगट मुडपते. तारांची उंची हा आणखी एक छुपा शत्रू आहे. बाराव्या फ्रेटपाशी ती दोन-अडीच मिलिमीटर असेल तर दाबणे सुसह्य होते, पण स्वस्तातल्या वाद्यात ती यापेक्षा बरीच जास्त सापडते. मग मूल घरी सांगते, "मला जमत नाही," आणि घरचेही ते खरे धरतात.

म्हणजे पहिल्या महिन्यातले उद्दिष्ट गाण्याचे नसावेच. मूल गिटार मांडीवर न घसरता धरते, खांदा सैल ठेवते, सहाही तारांवर सांगितलेल्या फ्रेटवर एकेक स्वच्छ सूर काढते आणि सूर खरखरला तर बोट कुठे सरकवायचे ते स्वतः शोधते. एवढे झाले तरी महिना सार्थकी लागला. यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे. क्लास आठवड्यातून एक किंवा दोन तासांचा. उरलेल्या वेळात मुलाला सर भेटणार नाहीत, त्याचे स्वतःचे कानच भेटणार आहेत. त्या कानांना काय ऐकायचे हे शिकवलेच नाही, तर घरचा रियाज म्हणजे चुका पक्क्या करण्याचा कार्यक्रम होतो.

उद्दिष्ट कसे लिहावे याचा साधा साचा १९६२ मध्येच तयार झाला होता. रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने त्या वर्षी एक छोटे पुस्तक लिहिले. उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात असे त्याचे म्हणणे: विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत दाखवेल आणि किती चांगले केले म्हणजे पुरे. 'जी आणि सी कॉर्ड शिकणे' हे या मापाने उद्दिष्टच ठरत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: मिनिटाला ६० ठोक्यांच्या मेट्रोनोमवर विद्यार्थी ई मायनर आणि जी या दोन कॉर्ड दर चार ठोक्यांनी बदलत दोन मिनिटे वाजवतो, उजवा हात एकदाही थांबत नाही, दहा बदलांपैकी निदान आठ स्वच्छ वाजतात. वाचायला हे रूक्ष वाटते, पण १० वर्षांच्या मुलाला हे वाक्य लख्ख कळते. ते घरी फोनवर मेट्रोनोम लावून स्वतःच ताडून पाहू शकते. त्यासाठी आई-बाबांना संगीत यावे लागत नाही.

या वाक्यातल्या 'उजवा हात थांबत नाही' या अटीवर गिटार शिकवणाऱ्यांनी सर्वांत जास्त जोर द्यावा, आणि नेमका तिथेच तो सर्वांत कमी दिला जातो. नवशिक्याचे सगळे लक्ष डाव्या हाताकडे असते. कॉर्ड बदलायची वेळ आली की तो उजवा हात थांबवतो, बोटे एकेक करून जागेवर ठेवतो, मग पुन्हा सुरू होतो. त्याला वाटते आपण गाणे वाजवले. ऐकणाऱ्याला मात्र दोन-दोन मात्रांची भोके पडलेली चाल ऐकू येते. आणि सर सांगतात, "छान, आता पुढची कॉर्ड घेऊ." अशा रीतीने सहा महिन्यांत आठ-दहा कॉर्ड 'झालेल्या' असतात आणि एकही चाल सलग वाजत नाही.

माउरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाने १८१२ मध्ये व्हिएन्नात आपली पहिली क्रमांकित रचना म्हणून गिटारचे जे अभ्यास प्रसिद्ध केले, ते या संदर्भात उघडून बघण्यासारखे आहेत. त्यात उजव्या हातासाठी १२० अभ्यास आहेत, आणि त्या १२० अभ्यासांत डाव्या हाताला फक्त दोन कॉर्ड दिलेल्या आहेत: सी आणि जी सेव्हन. दोनशे वर्षांनंतरही जगभरचे गिटार शिक्षक ते वापरतात. दोन कॉर्डमध्ये १२० गोष्टी शिकवण्यासारख्या सापडतात असे ज्याला वाटले त्या माणसासमोर 'आमच्याकडे पहिल्या महिन्यात १२ कॉर्ड' ही जाहिरात ठेवली असती तर तो काय म्हणाला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्या मुलांकडे तर या बाबतीत घरचा वारसा असतो. भजनात टाळ धरलेले, आरतीला टाळ्या वाजवलेले किंवा गाण्याच्या क्लासात हातावर टाळी-खाली मोजलेले मूल लय घेऊनच गिटारच्या क्लासात येते. तिथे तिचा उपयोग होत नाही. बहुतेक ठिकाणी 'डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप' हा एकच स्ट्रमिंगचा ठेका शिकवला जातो आणि तो सगळ्या गाण्यांना लावला जातो. तो चार मात्रांचा आहे, आणि केरव्याच्या वळणाच्या गाण्यांना चालूनही जातो. गंमत होते ती वाढदिवसाला. 'हॅपी बर्थडे टू यू' या गाण्याची चाल तीन मात्रांच्या आवर्तनाची आहे, शिवाय ती समेच्या आधी सुरू होते. केकसमोर हौसेने बसलेले मूल चार मात्रांचा ठेका धरते, पाहुणे तीन मात्रांत गातात, आणि दुसऱ्याच ओळीला दोघांची फारकत होते. ज्या मुलाने दादरा हातावर मोजला आहे, त्याला ही अडचण दोन मिनिटांत समजावता येते. 'गाणे लावून पहिल्यांदा फक्त हातावर मात्रा मोजणे आणि ते तीनचे आहे की चारचे हे सांगणे' हे पहिल्या तीन महिन्यांत सहज ठेवता येणारे उद्दिष्ट आहे. त्याला गिटारही लागत नाही.

हात कसे शिकतात याचा क्रम मांडणाऱ्यांत एक नाव भारतीय आहे, आणि आपल्याकडच्या संगीत शिक्षकांना ते फारसे ठाऊक नाही. आर. एच. दवे यांनी शिकागो विद्यापीठात पीएच.डी. केली, एनसीईआरटीत काम केले आणि पुढे ते हॅम्बर्गच्या युनेस्को शिक्षण संस्थेचे संचालक झाले. बी.एड.च्या वर्गात ज्यांचे नाव घोकले जाते ते बेंजामिन ब्लूम त्या काळी शिकागोतच होते. ब्लूम यांच्या मंडळींनी १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांची उतरंड लावली. दवे यांनी १९७० च्या सुमारास शारीरिक कौशल्यांची लावली. आधी बघून तसेच करणे, मग सांगितल्याबरहुकूम करणे, मग अचूक करणे, मग अनेक हालचाली एकमेकींत गुंफणे आणि शेवटी लक्ष न देताही ते आपसूक होणे, अशा त्या पाच पायऱ्या.

ही उतरंड गिटारला तंतोतंत लागू पडते. सर जी कॉर्ड धरून दाखवतात, मूल बघून धरते, ही पहिली पायरी. न बघता, 'जी धर' म्हटल्यावर धरते, ही दुसरी. सहाही तारा स्वच्छ वाजतात, ही तिसरी. लयीत राहून जीवरून सीवर जाते, ही चौथी. आणि हे सगळे चालू असताना तोंडाने गाते, ही पाचवी. आपल्या क्लासांत पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाकडून पाचवीची अपेक्षा केली जाते, कारण पालकांना 'गाऊन वाजवणारा' मुलगा हवा असतो. मधल्या तीन पायऱ्या कोणाला दिसतच नाहीत, म्हणून त्यांचे कौतुकही होत नाही.

एफ कॉर्डच्या बाबतीत हेच घडते. पहिल्याच फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या ही नवशिक्याची जुनी छळणूक आहे. तिथे तार डोक्याकडच्या पट्टीच्या अगदी जवळ असल्याने दाबायला सर्वांत जड जाते. तीच आडव्या बोटाची पकड पाचव्या फ्रेटवर पुष्कळ हलकी जाते. म्हणून शहाणा शिक्षक आधी पाचव्या फ्रेटवर ती पक्की करवतो आणि आठवड्यागणिक एकेक फ्रेट खाली उतरवतो. मुलाला दर आठवड्याला काहीतरी जमल्याचा पुरावा मिळतो. पुस्तकातला क्रम पाळणारा शिक्षक पहिल्या दिवशीच पहिल्या फ्रेटवर नेतो, आणि पुढच्या महिन्यात हजेरीपटावरचे एक नाव कमी होते.

आता मूल्यमापनाकडे. इंटरनेटवर गिटार शिकवणाऱ्यांत जस्टिन सँडरको हे मूळचे टास्मानियाचे शिक्षक बहुधा सर्वांत परिचित आहेत. त्यांनी लोकप्रिय केलेली एक चाचणी अत्यंत साधी आहे: घड्याळ लावायचे, एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा बदल झाला ते मोजायचे, आकडा वहीत लिहायचा. मिनिटाला ६० बदल झाले की ती जोडी गाण्यात वापरण्याजोगी झाली. ही चाचणी चांगली आहे, कारण मूल कालच्या स्वतःशी स्पर्धा करते. पण तिचा तोटाही लगेच दिसतो. आकड्याच्या नादात मुले तारा न दाबताच बोटे उडवतात, आणि लय तर यात मोजलीच जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा हीच जोडी मेट्रोनोमवरही ऐकावी. कोणताही एकच आकडा धरून बसले की मुले तो आकडा गाठायला शिकतात, वाजवायला नाही.

ग्रेड परीक्षांचे काय? ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा मुंबई, पुणे, गोव्यात वर्षानुवर्षे होत आहेत आणि त्यांच्या गुणपद्धतीत शिकण्यासारखे बरेच आहे. शास्त्रीय गिटारच्या परीक्षेत १०० गुणांपैकी ६६ गुण तीन रचनांना, प्रत्येकी २२. त्या २२ चीही फोड केलेली असते: ७ अचूकता आणि सलगपणाला, ७ तंत्राला आणि ८ भाव पोचवण्याला. म्हणजे एखाद्या मुलाच्या बोटांत ताकद आहे पण वाजवणे कोरडे आहे, हे निकालपत्रकात वेगळे दिसते. उरलेल्या ३४ पैकी १४ तांत्रिक सरावाला आणि २० पूरक चाचण्यांना. ६० ला उत्तीर्ण, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन. आपल्या अनेक शालेय परीक्षांपेक्षा हे जास्त पारदर्शक आहे.

बिघडते ते परीक्षेच्या वापरात. वर्षभर त्या तीनच रचना घोटल्या जातात. ग्रेड टू उत्तीर्ण झालेल्या मुलासमोर न पाहिलेली चार ओळींची सोपी चाल ठेवली तर ते गोंधळते, आणि मावशीने "काहीतरी वाजव ना" म्हटले तर त्याच्याकडे परीक्षेच्या तुकड्यांखेरीज काही नसते. शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला यांतल्या प्रावीण्याला दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून 'कलेचे प्रमाणपत्र' या वस्तूला आपल्या घरांत एकूणच वजन आले आहे, आणि गिटारच्या क्लासांवरही त्याची सावली पडते. पालक पहिल्याच महिन्यात विचारतात, "परीक्षेला कधी बसवणार?" पहिल्या वर्षी बसवूच नये, असे ठाम म्हणायला हवे. बाहेरच्या परीक्षकाने वर्षातून एकदा दहा-पंधरा मिनिटे ऐकून दिलेला निकाल पुढच्या मंगळवारी काय शिकवायचे हे सांगत नाही. नवशिक्याला नेमके तेच हवे असते.

आपल्या तालमीच्या परंपरेत हे रोजचे मूल्यमापन होतेच, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. गुरू एकेक पलटा कानाने तपासत असत, तो बसल्याशिवाय पुढचा देत नसत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताचे शिक्षण घराच्या ओसरीतून शाळेत आणले, तेव्हा अभ्यासक्रम आणि पायऱ्या ठरवाव्या लागल्या. आजच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांची मुळे त्या वळणात आहेत. मात्र तालमीत एक उणीव होती, आणि तिच्याबद्दल आदरापोटी बोलले जात नाही: निकष गुरूंच्या कानात असे, शिष्याला तो उघड करून सांगितला जात नसे. दहा वर्षे समोर बसणाऱ्या शिष्याला तो झिरपत झिरपत मिळायचा. आठवड्यातून एक तास येणाऱ्या, शिवाय गणिताची शिकवणी आणि कराटे करणाऱ्या मुलाला तो पहिल्या दिवशी सांगावाच लागेल.

गोव्यात निकष अगदी उघड होता. तिथल्या चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. कागद समोर ठेवला की वाजवता आले पाहिजे, एवढेच. त्या शिस्तीतून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. तिथे उद्दिष्ट वाचनाचे होते, कारण पोट वाचनावर भरायचे होते. आजच्या नवशिक्याला स्वरलेखन शिकवावे की टॅब, म्हणजे कोणती तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांनी दाखवणारे लेखन, हा वाद क्लासांत फार रंगतो. त्याचे उत्तर मूल कुठे जाणार आहे यावर अवलंबून आहे. शास्त्रीय गिटार शिकायची तर वाचन लवकर सुरू करावे. मित्रांबरोबर ट्रेकला गाणी म्हणायची तर कॉर्ड आणि लय पुरते. चाळिशीत हौस म्हणून आलेल्या बँक अधिकाऱ्याला दहावीच्या मुलाचाच अभ्यासक्रम देणे हे शिक्षकाचे आळसावणे आहे.

मुलाला विचारून उद्दिष्ट ठरवल्याने किती फरक पडतो, याचे एक विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियातून आले आहे. जेम्स रेनविक आणि गॅरी मॅकफर्सन या संशोधकांनी २००२ मध्ये एका मुलीच्या रियाजाच्या ध्वनिचित्रफितींचे बारकाईने विश्लेषण प्रसिद्ध केले. ती क्लॅरिनेट शिकत होती. शिक्षकांनी दिलेल्या धड्यांतल्या एकेका सुरावर ती सरासरी ०.९ सेकंद खर्च करायची. एक चाल तिने स्वतः आवडली म्हणून मागून घेतली. तिच्यातल्या एकेका सुरावर तिने ९.८ सेकंद खर्च केले. एवढेच नाही, त्या चालीत ती मध्ये थांबत होती, चुकलेला भाग गुणगुणत होती, लय कमी करून पुन्हा वाजवत होती. धड्यांत ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवून मोकळी होत असे. उदाहरण एकाच मुलीचे आहे. पण ज्याने मुलांना शिकवले आहे त्याला ते ओळखीचे वाटेल. म्हणून शिक्षकाने ठरवलेल्या दोन उद्दिष्टांबरोबर तिसरे मुलाने ठरवावे. ते सिनेमातले असो, क्रिकेटच्या जाहिरातीतले असो की शाळेच्या प्रार्थनेचे.

इथे एक गुंता आहे आणि तो सोडवायला हवा. एकीकडे 'थांबू नकोस, लय सांभाळ' म्हणायचे आणि दुसरीकडे 'चुकलास तिथे थांब, दुरुस्त कर' असेही सांगायचे? टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्टोतला एक छोटा तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की कोणी किती वेळ किंवा किती वेळा वाजवले याचा निकालाशी संबंध नव्हता. जे सर्वांत चांगले ठरले त्यांनीही सुरुवातीला चुका केल्या होत्या, पण चूक कुठे आहे ते नेमके हेरून तिथेच लय कमी करून ती दुरुस्त केली होती, पुन्हा पुन्हा चुकीचे वाजवले नव्हते. म्हणजे रियाज आणि सादरीकरण ही दोन वेगळी कामे आहेत. रियाजात थांबायचे, सादर करताना नाही. दोन्हींची उद्दिष्टे वेगळी लिहावीत आणि दोन्ही वेगवेगळी तपासावीत. घरी रोज अर्धा तास बसलास का, हा पालकांचा आवडता प्रश्न त्यामुळे निकामी ठरतो. 'आज कुठला तुकडा दुरुस्त केलास, वाजवून दाखव' हा प्रश्न विचारावा.

आणखी एक उद्दिष्ट ट्यूनर ॲपमुळे अभ्यासक्रमातून गळालेच आहे. सहा तारा जाडीकडून पातळीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. प्रत्येक तारेच्या पाचव्या फ्रेटवर पुढच्या तारेचा सूर मिळतो. अपवाद फक्त जीचा, तिथे चौथा फ्रेट. पूर्वी शिकणारा याच रीतीने गिटार लावायला शिकायचा आणि त्यातच त्याचा कान तयार व्हायचा. आता फोन हिरवा दिवा दाखवतो. ॲप वापरू नये असे नाही. पण सरांनी एक तार मुद्दाम जराशी उतरवून द्यावी आणि मुलाने कोणती तार उतरली ते कानाने ओळखून सांगावे, ही दोन मिनिटांची चाचणी वर्षाअखेरीस प्रत्येकाला देता आलीच पाहिजे. तंबोरा लागला आहे की नाही हे न कळणाऱ्या गवयाला आपण गवई म्हणत नाही; गिटारवाल्याला तेवढी सूट कशासाठी?

शिक्षकांची बाजूही रास्त आहे. एका खोलीत आठ-दहा मुले, कोणी नवे, कोणी जुने, तासाभरात सगळ्यांच्या गिटारी लावण्यातच १५ मिनिटे जातात. त्यात प्रत्येकाचे टाचण कोण लिहिणार? पण यासाठी कागदांचा ढीग लागत नाही. प्रत्येक मुलाची एक दोनशे पानी वही पुरे. महिन्याच्या पहिल्या तासाला त्यात तीन वाक्ये, दोन सरांची आणि एक मुलाचे. शेवटच्या तासाला प्रत्येकाचे दोन मिनिटांचे फोनवर रेकॉर्डिंग. एक मूल वाजवत असताना बाकीच्यांनी हातावर मात्रा मोजायच्या आणि लय कुठे तुटली ते सांगायचे, म्हणजे त्यांचाही तास फुकट जात नाही. शाळांत 'अध्ययन निष्पत्ती'चे तक्ते भिंतीवर लागले आणि तिथेच राहिले, तशी या वहीची गत होऊ द्यायची नसेल तर तीन वाक्यांवर चौथे लिहू नये. आणि उद्दिष्ट हुकले तर तेच पुढच्या महिन्यात जरा लहान करून घ्यावे. मुलाला 'नापास' हा शब्द ऐकू येण्याची गरज नाही.

अशाने मजा निघून जाईल, ही भीती पुष्कळांना वाटते. कपाटावर धूळ खाणाऱ्या गिटारींकडे पाहिले तर सध्याच्या पद्धतीत तरी मजा टिकते आहे असे दिसत नाही. आपण सुधारतो आहोत हे न कळणे, हा नवशिक्याचा सर्वांत मोठा कंटाळा असतो. तीन महिन्यांपूर्वीचे स्वतःचे अडखळणारे रेकॉर्डिंग ऐकून मुले खो-खो हसतात आणि मग आपणहून पुन्हा वाजवायला बसतात.

तेव्हा पालकांनी पुढच्या वेळी फी भरताना 'किती गाणी झाली' हे विचारू नये. 'तीन महिन्यांपूर्वीचे रेकॉर्डिंग आणि आजचे, दोन्ही ऐकवता का' एवढेच विचारावे. ज्या क्लासात दोन्ही सापडत नाहीत आणि पुढच्या महिन्यात मूल नेमके काय करून दाखवणार हेही कोणी सांगू शकत नाही, तो क्लास बदलावा.